डोंगरचा मेड, दर्याचा वेडा

भाषा करायची असं माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं. मला एक नदी काढायची होती, बस.

मी धुळ्याला जमीन मोजणीच्या कचेरीत ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून त्याच रेघांवरून पुन्हा रेघा ओढणारा माणूस. शिंदखेडा तालुक्यातला कुठला नाला कुठं वळतो हे मी झोपेत सांगितलं असतं, पण तो नाला इंचभर वळवायचा अधिकार मला नव्हता. नाला वळेल तिथं मी वळायचं. असा जन्म काढल्यावर कुणालाही वाटेल, की एखादी नदी आपणही आपल्या मर्जीनं वळवून बघावी. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष होतं. लोक एवढ्या लांब जाऊन आले. मी देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत, रविवारी जेवण झाल्यावर, फळीवर अंथरायला आणलेल्या ब्राऊन पेपरवर एक नदी काढली. यात गैर काय होतं?

नदी काढली की डोंगर आलाच, नाहीतर पाणी येणार कुठून? डोंगर काढला. नदी जाणार कुठं, म्हणून समुद्र काढला. खान्देशातल्या माणसाला समुद्र फुकटात मिळत असेल तर तो सोडत नाही. मी चांगला हात मोकळा सोडून काढला. संध्याकाळपर्यंत ब्राऊन पेपरवर एक अख्खा देश झाला, आणि माझी बायको पुष्पा फळ्या पुसून कागद मागायला आली.

आमच्या घरात रोजची भाषा मराठी, पण रागाची अहिराणी. ती कागदाकडे बघून म्हणाली, "हाई काय शे?"

"देश आहे."

"कोना?"

मी पेन्सिलीला टोक करायला लागलो. बठ्ठा, म्हणजे अख्खा, कागद वाया गेल्याचं तिनं शेजारच्या तोतारामनानांना सांगितलं, आणि तिथून हे प्रकरण माझ्या हातातून गेलं.

तोतारामनाना मूळचे यावलकडचे. केळीची बाग थोरल्या मुलाच्या हवाली करून धाकट्याकडे, म्हणजे देवपुरातल्या प्राध्यापकाकडे राहायला आले होते. प्राध्यापकाच्या घरात पाणी द्यायला एक तुळस होती. जन्मभर केळी वाढवलेल्या माणसाचं एका तुळशीवर कसं भागणार? नाना माझ्या देशात शिरले ते मालकासारखेच.

"कारे भो अभिमन, ह्या नदीले पूर येतो का?"

मी येतो म्हणालो.

"मंग काठावर गाव काहून काढलं? वर घे." मी गाव वर घेतलं. "ह्या गावाचं नाव काय?"

मी सुचेल ते बोललो. "कोमीथूर."

"म्हणजे?"

आता, नाव म्हणजे नाव, त्याचा अर्थ कशाला, असं मला म्हणता आलं असतं. पण समोर बसलेल्या माणसाला आपल्या शिवारातल्या प्रत्येक बांधाच्या नावामागची गोष्ट पाठ होती. मी म्हणालो, कोमी म्हणजे पाणी, थूर म्हणजे गाव. नानांनी मान डोलावली आणि नकाशावर बोट डोंगरापर्यंत नेलं.

"अठी डोंगरातसुदी कोमीच म्हणतात?"

"हो."

"असं कसं होईन? आमच्या यावलचा माणूस शिंदखेड्याले गेला तर त्याचं 'आहे' तुमच्या लोकाईले समजत नाही, आन् तुमचं 'शे' त्याले. एवढ्या मोठ्या देशात सारे एकसारखं बोलतील तर मंग भांडतील कशासाठी?"

हे बोलून ते तुळशीला पाणी घालायला गेले. मी मात्र तसाच बसून राहिलो. मी स्वतः शिंदखेड्याचा. यावलच्या मोजणीला गेलो तेव्हा तिथली म्हातारी माणसं बोलायची ते मला पहिले दोन दिवस परकं वाटलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं होतं, की हे परकं नाही, ही आपल्याच आईची दुसरी मुलगी आहे. नाक तेच, फक्त कुंकू वेगळं. ते तेव्हा सुचलं आणि विसरलोही. आता वाटलं, माझ्या देशातही एक जुनी आई असणार, आणि तिच्या दोन मुली. एक डोंगरात दिली, एक दर्याकाठी.

मग मी नियम केले. नियम करणं हा सरकारी नोकराचा स्वभावच आहे. डोंगरातले लोक थंडीनं तोंड पुरतं उघडत नाहीत; ते 'ल'चा 'र' करतात आणि शब्दाचं शेपूट गिळतात. दर्याकाठच्यांच्या तोंडात कायम वारा. ते 'क'चा 'ह' आणि 'म'चा 'व' करतात. जुन्या भाषेतलं पाणी 'कोमी', डोंगरात 'कोम', दर्याकाठी 'होवी'. आई 'अलमा'. डोंगरात 'अरम', दर्याकाठी 'अलवा'. ये म्हणजे 'लाशु'. डोंगरातला माणूस 'राश' म्हणणार. दर्याकाठच्याला त्यात बदलायला काही सापडत नाही, तो 'लाशु'च म्हणणार.

तुम्ही जिनिंगमध्ये कापूस घालताना पाहिला असेल. वरून कापूस टाकला की एकीकडे रुई पडते, एकीकडे सरकी. तसं झालं. मी वरून जुना शब्द टाकायचा, आणि खाली दोन शब्द आपोआप पडायचे. ते मी केलेले नसायचे. मी फक्त बघायचो. तोंडाला पाणी मारून पुन्हा यायचो आणि बघायचो. देवाला सृष्टी करताना असंच झालं असेल का, असा विचार माझ्या मनात आला. पण देवाला कचेरीत साडेदहाला सही करायची नसते, म्हणून तो पुरा केला नाही.

एक शब्द मात्र वाईट निघाला. जुन्या भाषेत भाऊ म्हणजे 'मेडा'. डोंगरात त्याचा झाला 'मेड'. ठीक आहे. दर्याकाठी, नियमाप्रमाणे 'म'चा 'व', झाला 'वेडा'.

पुष्पा म्हणाली, "बदला की."

मी म्हणालो, "नियम आहे."

"नियम तुम्हीच केला ना?"

"म्हणून तर मोडता येत नाही." सरकारी नोकरीत एवढं तरी शिकलो होतो.

तोतारामनाना आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या कमिटीवर होते. वाचनालयाच्या वाढदिवसाला नाटक करायचं होतं आणि नाटक कुणाकडे नव्हतं. नानांनी परस्पर सांगून टाकलं, की अभिमनकडे दोन राजे आणि दोन भाषा तयार आहेत, फक्त तोंडं पाहिजेत. मला विचारलं तेव्हा कमिटीनं ठराव केलेला होता. मी नाटक लिहिलं. एका आईचे दोन मुलगे. एक डोंगरचा राजा, एक दर्याचा. इतकी वर्षं दूर राहिले की भाषा तुटल्या, आणि लढाईच्या मैदानात समोरासमोर आल्यावर एकमेकांच्या शब्दांत त्यांना आपली आई ऐकू येते. निवेदन मराठीत, राजांचे संवाद त्यांच्या त्यांच्या भाषेत. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला माझ्याच धाडसाचं कौतुक वाटलं होतं. ते कौतुक परवानगीच्या कचेरीत उतरलं.

नाटकाला परवानगी लागायची, आणि त्यासाठी संहिता दाखवावी लागायची. कुठली कचेरी ते सांगत नाही, तिथले लोक सज्जन होते. टेबलावरच्या गृहस्थांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "नाटकाची भाषा?"

"मराठी. आणि इतर."

"इतर म्हणजे कुठली? कानडी?"

"डोंगरी आणि दर्याई."

"भिल्लांची का?"

"नाही. माझी."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, यात आक्षेपार्ह काही आहे की नाही हे आम्हाला समजायला हवं. या भाषेच्या जाणकाराचा दाखला आणा, की मजकूर निर्दोष आहे."

"जाणकार मीच आहे. जगात मी एकटाच."

"लेखकाचा दाखला लेखकाच्याच नाटकाला कसा चालेल? दुसरा जाणकार आणा."

"दुसरा नाहीये हो!"

"मग तयार करा," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. मला त्यात काही चुकीचं सापडेना.

आठवडाभर मी तोतारामनानांना शिकवलं. नाना हुशार विद्यार्थी, पण स्वभाव मालकाचा. प्रत्येक शब्दाला, "हा जरा आखूड कर," म्हणून दुरुस्ती. शेवटी त्यांनी जाणकार म्हणून मराठीत भरदार सही ठोकली. त्या सहीवर राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष हवी निघाली, म्हणून मी आमच्या साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी आधी, ही भाषा आपल्या हद्दीत येते का, असं विचारलं. मग म्हणाले, बोलून दाखवा. मी आणि नाना साहेबांच्या टेबलासमोर उभे राहून पाच मिनिटं डोंगरी-दर्याईत बोललो. नानांना एका ठिकाणी शब्द आठवला नाही, तर त्यांनी नियम लावून तिथल्या तिथं पाडला, आणि तो बरोबर होता! माझ्या अंगावर काटा आला. साहेबांनी लिहिलं: 'सदर भाषा माझ्यासमक्ष बोलण्यात आली.' खाली गोल शिक्का. माझ्या भाषेला सरकारनं पाहिलं होतं.

आता राजे. आग्रा रोडवर भिकमचंद आणि मिश्रीलाल या सख्ख्या भावांचं कापडाचं दुकान होतं. नाटकाला मखमली पडदा हवा होता, तो भिकमचंदशेठ देणार होते. राजांचे पोशाख मिश्रीलालशेठ देणार होते. दोघांनाही नाटकाची भारी हौस. दोघांनीही वेगवेगळ्या दिवशी, नानांना वेगवेगळं बाजूला घेऊन, राजाचं काम मागितलं. नाना यावलचे, त्यांना धुळ्याचा इतिहास कुठं ठाऊक? त्यांनी दोघांनाही हो म्हणून टाकलं.

इतिहास असा. दुकान एक, पण मधोमध फळ्यांची भिंत. भिकमचंदशेठच्या मुलीच्या, कुसुमलताच्या लग्नात व्याह्यांच्या स्वागताला काका म्हणून मिश्रीलालनं दारात उभं राहायचं होतं. तो वऱ्हाडाचंच काही आणायला जळगावला गेला आणि गाडी चुकली. थोरल्यानं तो मान एका दूरच्या नातलगाला दिला. धाकटा आला, त्यानं ते पाहिलं, आणि भर मांडवात म्हणाला, "भाऊ भाड्यानं मिळतात वाटतं इथं." थोरल्यानं तिथंच साऱ्या समाजासमोर आण घेतली, की याच्याशी या जन्मी बोलणार नाही, मारवाडीत नाही, हिंदीत नाही, मराठीत नाही, इंग्रजीत सुद्धा नाही. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, पण रागात माणूस काही शिल्लक ठेवत नाही. धाकट्यानंही तीच आण उलट घेतली. तेव्हापासून कुसुमलताची मुलगी शाळेत जायला लागली, तरी अबोला तसाच. वरच्या मजल्यावर दोघांची आई भंवरीबाई राहायची. तिला दोन्ही बाजूंनी जिने होते.

तालमी मी चलाखीनं वेगवेगळ्या दिवशी ठेवल्या. भिकमचंदशेठ मंगळवारी राजा, मिश्रीलालशेठ गुरुवारी. पण नाटकात शेवटी राजे समोरासमोर येतात; ते मी बदलणार कसं? एकदा दोघांनाही रविवारी बोलावलं. एकानं दुसऱ्याला पाहिलं. भिकमचंदशेठ डोक्यावरचा मुकुट काढून खुर्चीवर ठेवते झाले आणि मला म्हणाले, "अभिमनभाऊ, तुम्ही मला धर्मसंकटात घातलं. माझी आण आहे." आणि निघून गेले. मखमली पडदाही निघून गेला.

त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकानं मला सल्ला दिला. कुणी म्हणालं एका राजाला मुका करा, कुणी म्हणालं मध्ये प्रधान घाला. पुष्पा म्हणाली, फळ्यांना कागद कधी आणताय? नाना माझ्या नकाशात केळी लावत बसले होते. लेखकाच्या मनाला काय यातना होतात हे त्यांना कोण सांगणार!

शनिवारी भिकमचंदशेठ स्वतः माझ्या कचेरीत आले. टेबलाच्या कडेला टेकले, घाम पुसला.

"मी फार विचार केला. त्या दिवशी मी जगात जेवढ्या भाषा होत्या त्यांची आण घेतली. बरोबर?"

"बरोबर."

"तुमची भाषा तेव्हा होती?"

"नाही. ती यंदाची."

"मग ती आणेत धरता येत नाही." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कायद्यानं धरता येत नाही, असं म्हणतो मी. बाकी मला त्याच्याशी काही बोलायचं नाहीये. नाटकापुरतं."

रविवारी तालीम झाली. सारी गल्ली जमली होती, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. डोंगरचा राजा भिकमचंद इकडून आला, दर्याचा राजा मिश्रीलाल तिकडून. पहिलं वाक्य धाकट्याचं होतं. इतक्या वर्षांत भावाला पहिल्यांदा हाक मारायची होती, आणि ती हाक मी लिहिलेली होती. तो म्हणाला, "लाशु, वेडा."

भिकमचंदशेठ लाल झाले. "पाहिलं? साऱ्यांनी ऐकलं? वेडा म्हणाला मला!"

मी धावलो. "शेठ, 'म'चा 'व' होतो त्यांच्यात. वेडा म्हणजे भाऊ."

"मग माझ्या तोंडी काय आहे?"

"मेड."

"त्याचा वाईट अर्थ काय होतो?"

"काहीच होत नाही."

"हा कुठला न्याय? तो मला वेडा म्हणणार आणि मी त्याला नुसतं मेड? सोय करा काहीतरी!"

"नियम आहे भो," तोतारामनाना मागून गंभीरपणे म्हणाले. जाणकार होते ते, दाखल्यासकट.

भिकमचंदशेठनं धाकट्याकडे पाहिलं. मिश्रीलालच्या डोळ्यांत हसू होतं की पाणी, ते मला लांबून दिसलं नाही. थोरल्याची मान थोडी खाली आली. तो अगदी हळू, पाठ केलेलं वाक्य विसरू नये तसं म्हणाला, "राश... मेड."

पुष्पानं पदर तोंडाला लावला. माझं आयुष्य दुसऱ्याच्या रेघांवरून रेघा ओढण्यात गेलं. मला त्या क्षणी काय झालं ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात पांझरा नदीत पाणी सोडलं की वाळूतून ते आधी दिसत नाही, नुसता ओलीचा वास येतो. तसं काहीतरी.

पण हे सगळं नाटकापुरतं, असं ठरलेलं होतं. तालीम संपली की दोघं दुकानाकडे जाताना पांझरेच्या पुलावरून वेगवेगळ्या बाजूंनी जायचे.

नाटक जवळ आलं आणि भंवरीबाई आजारी पडल्या. एके दिवशी दुपारी मिश्रीलालशेठ कचेरीत आले. "अभिमनभाऊ, ताप आलाय हे कसं म्हणायचं?"

"नाटकात ताप नाहीये."

"नाटकात नाही. घरात आहे."

मी म्हणालो, घरी वहिनी आहेत, दोन्हीकडच्या वहिन्या बोलतात, निरोप द्या ना.

"निरोप दिला. पोचला." ते टेबलावरची दौत फिरवत राहिले. "पण आई आजारी आहे हे मलाच त्याला सांगायचंय."

मी भराभर जुना शब्द केला, 'ताकी', आणि त्यावरून पाडला दर्याई शब्द, 'ताही'. डॉक्टर लागेल म्हणून 'सेमूल' केला. दर्याकाठी 'सेवूल', डोंगरात 'सेमूर'. ते घोकत गेले. संध्याकाळी भिकमचंदशेठ हजर, त्यांना डोंगरी हवं. डोंगरात ताप म्हणजे, शेपूट गिळल्यावर, 'ताक'. मी शरमलो, पण त्यांनी हूं केलं नाही. 'वेडा' सोसलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी पडद्याचं माप घ्यायला मी दुकानात गेलो, तर फळ्यांच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "वेडा! अलवा ताही!"

अलीकडून भिकमचंदशेठनं लुगड्याचं ठाण टाकलं. "ताक? सेमूर?"

"ऊल सेवूल!"

डॉक्टर नाही, असं तो सांगत होता. डॉक्टर बाहेरगावी गेलेले. गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघायला लागली. भिकमचंदशेठ भिंतीला तोंड लावून ओरडले, "राश, मेड! राश!" आणि पलीकडचा माणूस पायात चप्पल न घालता रस्त्यावरून धावत अलीकडे आला. दोघं एकाच जिन्यानं वर गेले. गिऱ्हाईक बाईनं मला विचारलं, "कोणाला ताक पाहिजे?"

पुढचे दिवस मी शब्द पुरवत होतो. औषध, उशी, श्वास, घाबरणं. कचेरीतून सुटलो की पूल ओलांडून दुकानात, दुकानातून परत. साहेबांना वाटलं मला कापडाचा धंदा करायचाय. आणि मग शेठ येईनासे झाले. मी दोन शब्द स्वतःहून घेऊन गेलो, तर मिश्रीलालशेठ जिन्यातूनच म्हणाले, "भागलं, भागलं." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? भाषा माझी, दाखला माझा, शिक्क्यासकट. आणि मला दारातूनच परत!

नाटकाचा दिवस उजाडला. वाचनालयापुढच्या मैदानात सतरंज्या पडल्या, लोक जमले, परवानगीच्या कचेरीतले गृहस्थ पहिल्या रांगेत येऊन बसले. राजे नव्हते. पडदा नव्हता. ऊन उतरायला लागलं, तसं नानांनी स्टेजवर उभं राहून केळीच्या खुंटांवर भाषण सुरू केलं, आणि मला पुढं ढकललं. "जाय. निदान पडदा तरी घेऊन ये."

मी पुलावरून जवळजवळ पळत गेलो. दुकान दोन्ही बाजूंनी बंद. थोरल्याच्या बाजूचा जिना चढलो आणि दाराशी थांबलो.

भंवरीबाई तक्क्याला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुकलेला, पण डोळे उघडे, हातात पेजेची वाटी. ताप पहाटे उतरला होता, हे मला मागून कळलं; रात्र फार वाईट गेली होती आणि दोघं मुलगे उशापायथ्याशी बसून होते. नाटकाचा दिवस आजच आहे, हे त्या घरात कुणाच्याही ध्यानात नव्हतं. आताही ते तसेच बसले होते, दाढ्या वाढलेल्या, डोळे तांबारलेले, आणि बोलत होते. डोंगरी आणि दर्याई. भरभर. मध्ये हसत होते.

"काईं बोलो हो थे दोनूं?" म्हातारी दोघांना मारवाडीत विचारत होती.

मी कान दिला. मला समजत नव्हतं. मेड, वेडा, अलवा, एवढं ओळखीचं; बाकी सारं अनोळखी. ते शब्द मी दिलेले नव्हते. त्या रात्रींत लागतील तसे त्यांनी केले होते. त्यातला एक पुन्हा पुन्हा येत होता. थोरला आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "सोरक." धाकट्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "सोलही."

मी दाराची चौकट धरली. थोरल्याच्या तोंडी जिथं 'र', धाकट्याच्या तोंडी तिथं 'ल'. एकाचा 'क', दुसऱ्याचा 'ह'. एकाला शेपूट नाही, दुसऱ्याला आहे. म्हणजे आईच्या घरचा शब्द होता 'सोलकी'. असलाच पाहिजे. तो मी कधी केला नव्हता, माझ्या कुठल्याही कागदावर नव्हता, आणि तरीही, हे दोघं जन्माला यायच्या आधीपासून, त्या ब्राऊन पेपरवरच्या नदीकाठी कुणीतरी तो बोलत आलं होतं. तो तिथं होताच. या दोघांनी फक्त वारसा म्हणून घेतला.

माझ्या पायातली चप्पल मी कधी काढली ते मला आठवत नाही.

"अभिमनभाऊ!" मिश्रीलालशेठनं मला पाहिलं. "अरे, नाटक!"

"असू द्या," मी म्हणालो. "सोलकी म्हणजे काय?"

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं, कारण हा शब्द असा त्यांनीही कधी ऐकला नव्हता. भिकमचंदशेठच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "ते घरातलं आहे," ते म्हणाले. "बाहेर सांगायचं नाही."

भंवरीबाईंनी मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. पडदा मागायचं मी विसरलो.

मैदानात परत आलो तर लोक अजून बसलेले. नानांच्या भाषणातली केळी निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला, आली होती. पुष्पा कडेला उभी होती, ती पुढं झाली.

"राजे कुठायत? काय सांगितलं त्यांनी?"

मी तिला तो शब्द सांगितला. आधी डोंगरी, मग दर्याई, आणि मग, अगदी हळू, जुना.

"म्हणजे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसलो.